तिसरं नाव

"बाई, यातलं एक वाक्य मी वाचणार नाही," असं म्हणून रेहानानं कागद माझ्यासमोर ठेवला.

मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच डबा खात बसले होते. चार दिवसांवर शाळेतला स्मृतिदिन आला होता. वाचलेल्या मुलांच्या वतीनं रेहाना तडवीनं दोन शब्द बोलायचे असं ठरलं होतं. आदल्या वर्षी ती मुलं माझ्या नववी ‘ब’मध्ये होती, आता दहावीत गेली होती. भाषण मीच लिहून दिलं होतं, पाऊण पान.

"कुठलं वाक्य?"

तिनं बोट ठेवलं. ‘चैताली पाणी भरायला गेली होती, ती वर्गापर्यंत परत येऊ शकली नाही.’

"बरं, तेवढं गाळ. बाकीचं वाच."

"गाळलं तरी तेच होतं ना बाई."

"मग काय करायचं म्हणतेस?"

वर्षापूर्वी ही मुलगी कबड्डीच्या संघात होती, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. आता तिचं बोलणं ऐकायला पुढं वाकावं लागत होतं. "दुसऱ्या कोणाला तरी द्या," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. डबा तसाच बंद केला.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. मी तेव्हा तीस वर्षांची होते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांनी वेढलेल्या एका मोठ्या गावात भूगोल शिकवत होते. मुलं मला नेहेते बाई म्हणत.

आदल्या वर्षीच्या एकोणीस डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी गावठी पिस्तूल घेऊन मागच्या फाटकातून आत आला. दहावीला दोनदा नापास होऊन घरी बसलेला मुलगा. खेळ शिकवणाऱ्या जंगले सरांनी त्याला कधीतरी सगळ्यांदेखत मारलं होतं, तो राग होता, असं नंतर लोक म्हणाले. राग एका माणसावर होता, पण गोळ्या आठ सुटल्या. जंगले सर मैदानावरच गेले. मुलाला अडवायला धावलेले आमचे शिपाई सुपडूमामा गेले. माझ्या वर्गातली चैताली बारी गेली. पाच मुलं जखमी झाली, त्यातल्या एकाचा पाय कायमचा अधू झाला. गोळ्या संपल्यावर त्या मुलाला लोकांनी फाटकाशी पकडलं.

माझा वर्ग पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या एका टोकाला. मध्यावर पाण्याचे नळ. दुसऱ्या टोकाला जिना, आणि वर यायला-जायला तेवढा एकच. चैताली सापडली ती जिन्याच्या वरच्या पायरीशी.

पोलिसांना मी जो जबाब दिला तो असा होता: चैताली बारी परवानगी घेऊन पाणी भरायला गेली. खाली गोळीचा आवाज झाला तसं मी दार लावलं, कडी घातली, मुलांना बाकांखाली बसवलं. चैताली परत आली नाही. हवालदारानं लिहून घेतलं, मी खाली सही केली. पुढं सव्वीस जानेवारीला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. प्रसंगावधान राखून एक्केचाळीस मुलांचे प्राण वाचवणाऱ्या शिक्षिका, असं फोटोखाली छापलं होतं. आईनं तो कापून देवघराशेजारी चिकटवला.

त्याच दुपारी, रेहाना कागद ठेवून गेली त्या दुपारी, मुख्याध्यापक खाचणे सरांनी मला बोलावलं.

"बसा नेहेते बाई. दगडाचं काम अडलंय."

स्मृतिदिनाला फाटकाजवळ एक काळा दगड उभा करायचा होता, त्यावर तीन नावं.

"पाथरवटाची दोन नावं कोरून झाली," सर म्हणाले, "तिसऱ्यासाठी तो हात बांधून बसलाय. चैतालीच्या आईचा निरोप आलाय. आमच्या पोरीचं नाव घालू नका म्हणतात."

"का?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या कानावर काहीच नाही? तो मुलगा त्यांच्या मागच्याच गल्लीतला. पोरीची बाटली भरलेली सापडली. बाटली भरून झाल्यावर ती वर्गाकडे न येता जिन्याकडे का गेली, असं लोक विचारतात. विचारतात आणि उत्तरही आपणच देतात. ओळख होती म्हणे. कोणी म्हणतं, त्यालाच भेटायला बाहेर पडली होती."

"चौदा वर्षांची होती सर ती."

"ते मला काय सांगता? गावाच्या तोंडाला झाकण कोण घालणार? तुम्ही तिच्या वर्गशिक्षिका. जाऊन समजूत काढा. तुमचा शब्द त्या खाली पडू देणार नाहीत."

हे माझ्या कानावर आलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कुठं कुजबुज सुरू झाली की मी उठून दुसरीकडे जात असे.

शाळा सुटल्यावर मी बाऱ्यांच्या घरी गेले. चैतालीचे वडील केळीच्या ट्रकवर होते, दिल्लीची फेरी करून आदल्या दिवशीच आले होते आणि गाडी धुवायला नदीवर गेले होते. आई, मालतीताई, ओट्यावर शिलाई मशीनवर बसल्या होत्या. शाळेतल्या बहुतेक मुलींचे गणवेश त्याच शिवत. मला बघून त्या उठल्या, खुर्ची पुढं ओढली, आतून पाणी आणून दिलं.

"नावासाठी आलात ना?"

"हो ताई. दोन नावं आहेत आणि चैतालीचं नाही, हे बरं दिसणार नाही."

"कोणाला बरं दिसणार नाही?" त्या परत मशीनवर बसल्या, पण मशीन चालवलं नाही. "नाव कोरलं तर येणारा-जाणारा रोज वाचणार. वाचून एकमेकांकडे बघणार. त्यापेक्षा नको."

"लोकांचं एवढं मनावर घेऊ नका हो."

"लोकांचं मी घेतच नाही बाई. मी पोरींचं घेतलं." त्यांनी मांडीवरचं निळं कापड बाजूला केलं. "जूनमध्ये तुमच्या वर्गाच्या पोरी आल्या मापाला. चैतूच्या मैत्रिणी. या ओट्यावर खेळून मोठ्या झालेल्या. एक पोरगी माझ्या तोंडाकडे बघेना. टेप लावली की अंग चोरून उभ्या राहायच्या. आधी मला वाटलं, लहान आहेत, दुःखाच्या घरात यायला घाबरतात. मग मी रेहानाला विचारलंच. म्हटलं, चैतू त्या मुलाशी बोलायची का गं? खरं सांग, मी नाही रागवणार. तर ती पोरगी हुंदके द्यायला लागली आणि माप न देताच पळाली."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"तेव्हा मी समजले," त्या म्हणाल्या. "पोरींना काहीतरी माहीत आहे. माझ्यासमोर सांगवत नाही त्यांना. मग यांनीही मला एकदा विचारलं, तू तिची आई, तुला कसं कळलं नाही? मी काय सांगणार? त्या दिवसापासून आम्ही दोघं घरात तिचं नाव घेत नाही. फोटोसुद्धा यांनी कपाटात ठेवला. स्वतःच्या पोरीचा फोटो, बाई."

रस्त्यावरून केळीचे घड भरलेली बैलगाडी गेली.

"एवढंच सांगा मला," मालतीताई म्हणाल्या. "तुम्ही तिथं होता. पाणी भरून झालं, झाकण घट्ट लावलं. मग ती वर्गात का आली नाही? तुम्हाला काय वाटतं?"

खरं सांगते, मी तिथं खरं बोलायला गेले नव्हते. नाव घालू द्या म्हणून दोन गोड वाक्यं जुळवून गेले होते. शाळेतून त्यांच्या घरापर्यंत ती घोकत गेले होते.

"आली होती," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नसावं. त्या तशाच माझ्याकडे बघत राहिल्या.

"चैताली वर्गाशी आली होती, ताई. मी दार लावल्यावर आली. तिनं दार वाजवलं."

"दार वाजवलं?"

"दोनदा. आधी हळू, मग जोरात. ‘बाई, मी चैताली’ म्हणाली. खाली गोळ्या चालू होत्या. रेहाना दाराजवळच्या बाकाखाली होती, ती कडी काढायला उठली. मी तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, तो तिच्या मागोमाग असेल. मग पावलं परत गेली. दुसरीकडे कुठं जायला वाटच नव्हती. ती जिन्यानं खाली उतरून घरी पळायला बघत असणार. तेवढ्यात तो वर आला."

मालतीताईंनी दोन्ही हात मशीनच्या फळीवर सपाट ठेवले.

"पोरांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"मग पोरं बोलली का नाहीत?"

"मी बोलू दिलं नाही. पोलिस वर यायच्या आधी मी वर्गाला सांगितलं, कोणी विचारलं तर दाराशी कोणी आलं नव्हतं म्हणायचं. एकेकाकडून हो म्हणवून घेतलं."

"का?"

याचं उत्तर मी वर्षभर स्वतःला तऱ्हेतऱ्हेनं दिलं होतं. मुलांच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून. तुम्हाला जास्त त्रास होऊ नये म्हणून. त्या ओट्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"भ्याले," मी म्हटलं. "लोक मला काय म्हणतील, याला भ्याले."

त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "‘मी चैताली’ म्हणाली?"

"हो."

"रडत होती?"

"नाही. धाप लागली होती तिला. रडत नव्हती."

"आणखी काय म्हणाली?"

"एवढंच."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता त्या आरडाओरडा करतील, शेजारपाजार गोळा होईल. मी ते ऐकून घ्यायला तयार बसले होते. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा पदर तोंडाशी धरलेला होता.

"हे स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात सांगाल? सगळ्या गावासमोर?"

"सांगेन."

"मग पाथरवटाला म्हणावं, नाव कोर." त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. "आता उठा बाई. माझ्यासमोर बसू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाचणे सरांना सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, पण घाबरले.

"अहो, तुमचा जबाब कोर्टात आहे. खटला चालू आहे. संस्थेनं तुमचा सत्कार केलाय. आणि तुम्ही चूक काय केलीत? दार उघडलं असतं तर आत काय झालं असतं, विचार करा."

"दाराबद्दल मी बोलत नाहीये सर. नंतरच्या खोट्याबद्दल बोलतेय. गेलेल्या पोरीवर बट्टा लागला, तो माझ्या जबाबामुळे."

सर उठून खिडकीशी गेले. "मी हे ऐकलेलं नाही," थोड्या वेळानं म्हणाले. "रेहाना तडवीच्या जागी तुमचं नाव घालतो. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा." मग मागं न बघता म्हणाले, "पोलिसांकडे आधी जाऊन या. कार्यक्रमानंतर गेलात तर आणखी वाईट दिसेल."

त्याप्रमाणे मी पोलिस ठाण्यात जाऊन जबाब बदलून दिला. परत आले आणि दहावीच्या वर्गावर गेले. तास माझा नव्हता, तिथल्या सरांना मी दहा मिनिटं मागून घेतली. एक्केचाळीस मुलं उभी राहिली.

"बसा. मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं," मी म्हटलं. "तुम्ही लहान होता, मी मोठी होते. तुमच्यातल्या कोणाचंही काही चुकलेलं नाही. आता कोणी विचारलं तर जे ऐकलंत ते सांगायचं. नाही सांगावंसं वाटलं तर गप्प राहायचं. पण खोटं बोलायचं नाही."

मग रेहाना उभी राहिली.

"बाई, मी कडी काढली असती तर ती वाचली असती ना?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"मला माहीत नाही, रेहाना. वाचली असती कदाचित. पण तू उठली होतीस, तुला मी धरून ठेवलं. ते माझ्याकडे राहू दे. तुझ्याकडे ठेवू नकोस."

ती खाली बसली आणि बाकावर डोकं टेकून रडायला लागली, मोठ्यानं. वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. शेजारच्या मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडायला लागली. तास घेणारे सर दारातच उभे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "कार्यक्रमात कळेल."

स्मृतिदिनाला मैदान भरलं होतं. जंगले सरांच्या पत्नी लहान मुलाला घेऊन आल्या होत्या, सुपडूमामांची म्हातारी आई नातवाच्या खांद्याला धरून आली होती. पाय अधू झालेला मुलगा कुबडी मांडीवर आडवी ठेवून पुढं बसला होता. मालतीताई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांचे यजमान शेजारी, खाली मान घालून. त्यांना घरी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

मी कागद नेला नव्हता. जे ओट्यावर सांगितलं तेच सांगितलं. चैताली पाणी भरून परत आली होती. दार बंद होतं, ते मी बंद केलं होतं. तिनं आपलं नाव सांगितलं. मी उघडलं नाही. म्हणून ती जिन्याकडे गेली, दुसऱ्या कशासाठीही नाही. आणि हे वर्षभर लपलं ते माझ्यामुळे, मुलांमुळे नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "आणि शाल घेताना लाज नाही वाटली?"

"वाटली होती," मी म्हटलं. "तरी घेतली."

मी खाली उतरले तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की आणखी कोणी शिव्याही दिल्या नाहीत. सूत्रसंचालन करणारे शिक्षक माइकपाशी नुसते उभे होते. तेवढ्यात दहावीच्या रांगेतून एक मुलगा उठला, नेमाडे आडनावाचा, वर्गातला सगळ्यात दंगेखोर. तो सरळ मालतीताईंसमोर जाऊन उभा राहिला.

मालतीताईंनीच विचारलं, "तू कुठं बसला होतास?"

"खिडकीकडच्या शेवटच्या बाकाखाली, काकू."

"तुला ऐकू आलं?"

"आलं."

"कसं म्हणाली?"

त्यानं चैतालीसारखं म्हणून दाखवलं. अगदी हळू. त्याच्यामागं दुसरी मुलगी येऊन उभी राहिली, मग रेहाना, मग आणखी काही. मालतीताई प्रत्येकाला तेच विचारत होत्या: तू कुठं होतीस, तुला काय ऐकू आलं? कोणी सांगितलं, तिच्या बांगड्या दारावर आपटल्या. कोणी सांगितलं, ती जाताना धावत गेली, चालत नाही. कोणी म्हणालं, काकू, मला फक्त दार ऐकू आलं, आवाज नाही. त्या सगळं ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या. चैतालीचे वडील तोवर तसेच बसले होते. मग एकाएकी त्यांनी टोपी काढून तोंडावर दाबली आणि "चैतू, चैतू," म्हणत पुढं-मागं झुलायला लागले. मालतीताईंनी त्यांच्याकडे वळून न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं पुढच्या मुलीला जवळ ओढलं.

पाहुण्यांचं भाषण झालंच नाही.

माझ्यावर चौकशी बसली. कोर्टात खोट्या जबाबाबद्दल मला चांगलंच सुनावलं गेलं. संस्थेनं जूनपासून माझी बदली धुळ्याकडच्या शाळेत केली. मी शाल परत केली, आईनं देवघराशेजारचा फोटो काढला आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. गावात काही लोक मला पाहून तोंड फिरवत. पण जास्त लोक उलटं करत. रस्त्यात थांबवून, कधी हात हातात घेऊन सांगत, बाई, तुम्ही केलं तेच बरोबर. आमचं पोर तुमच्यामुळे दिसतंय. मला त्यापुढं उभं राहवत नसे.

मे महिन्यात बदलीचा कागद घ्यायला मी शाळेत गेले, तेव्हा फाटकाजवळ मालतीताई भेटल्या. नव्या वर्षाच्या गणवेशांचं विचारायला आल्या होत्या. मी वाट सोडून उभी राहिले. त्या पुढं गेल्या, आणि परत आल्या.

"चाललात म्हणे."

"हो ताई."

"सगळे मला येऊन सांगतात," त्या म्हणाल्या. "बाईंनी दार उघडलं असतं तर एक्केचाळीस पोरं गेली असती. माझी सख्खी बहीण म्हणाली, हे म्हणाले, खाचणे सर म्हणाले. खरं असेल ते. मी काही त्यांच्याशी भांडत नाही." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोणीही सांगू दे. तुम्ही मात्र ते मला कधी सांगू नका."

"नाही सांगणार."

त्यानंतर आम्ही तीन वेळा भेटलो. एकदा बसस्टँडवर, एकदा खाचणे सर गेले तेव्हा, आणि एकदा रेहानाच्या लग्नात, एकाच पंगतीत, समोरासमोर. पंगतीत त्यांनी मला वाढणाऱ्याकडून भाजी मागून दिली आणि तब्येत विचारली. माझं डोकं पांढरं झालंय, म्हणाल्या. मी एकटीच राहते का, तेही विचारलं. एका क्षणी ते एक्केचाळीस पोरांचं वाक्य माझ्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी घास घेतला आणि हो, एकटीच, म्हणाले.